वाटीवरचं तिसरं बोट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मित्रांना नाही, डॉक्टरांना नाही, आणि देवाला सांगायचा प्रश्नच नव्हता — आमची ओळख नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची-माझी गाठ पडायची शक्यता कमी. आणि पडलीच, तर चहा पिता पिता तुम्ही हा विषय काढणार नाही, एवढा सभ्यपणा तुमच्यात असेल असं मी धरून चालतो.

गोष्ट एका वाटीची आहे. साधी स्टीलची, आमटीची वाटी. ती पालथी घातली की तिच्यातून मेलेली माणसं बोलतात, असं मानणाऱ्या काही सज्जनांची आहे. आणि त्या वाटीवर ठेवलेल्या माझ्या बोटाची आहे. पण बोटाकडं इतक्यात जायला नको. आधी मंडळाबद्दल सांगतो. मंडळाबद्दल बोलणं सोपं आहे.

मी नगरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होतो. म्हणजे ज्या मुलांना दुसऱ्या कुठल्याच विषयाला प्रवेश मिळाला नाही, त्यांच्यासमोर सत्य म्हणजे काय याची चर्चा करत होतो. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर सावेडीत एका बैठ्या घरात राहिलो, पुस्तकं वाचली, आणि गावातल्या समारंभांना हजेरी लावली. समारंभ मला आवडतात. प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून देणारा माणूस त्यांच्या आयुष्यात न घडलेल्या गोष्टी एवढ्या ठामपणे सांगत असतो, की खुद्द पाहुण्यांनाही त्या आठवायला लागतात. अशा वेळी चेहरा कसा ठेवायचा, हे मला अजून जमलेलं नाही. त्यामुळं गावात माझी एक ख्याती झाली — सरांचा कशावर विश्वास नाही. ती खरी होती. त्या ख्यातीवर मी खूश होतो, हेही खरं.

भालेराव साहेब आमच्याच गल्लीत राहायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. आयुष्यभर कालवे काढले. त्या कालव्यांतून पाणी येण्याबद्दल ते फारसे आशावादी नव्हते, परलोकातून निरोप येण्याबद्दल मात्र होते. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या दिवाणखान्यात बैठक भरायची. मध्ये सुताराकडून खास करून घेतलेला सनमायकाचा गोल बोर्ड, त्यावर कडेनं अक्षरं, एका बाजूला ‘हो’, दुसऱ्या बाजूला ‘नाही’. बोर्डावर कॅरमची पावडर. पावडरीवर पालथी वाटी. सगळी बाराखडी बोर्डावर मावत नसल्यामुळं मृतात्मे काना-मात्रा-वेलांटीशिवाय बोलायचे, आणि ते समजून घेण्यात फार वेळ जायचा. म्हणून बहुतेक जण ‘हो’ किंवा ‘नाही’त उत्तर येईल असेच प्रश्न घेऊन यायचे.

याला लोक प्लँचेट म्हणतात. भालेराव म्हणू देत नसत. त्यांच्या मते ते शास्त्र होतं, आणि शास्त्र म्हटलं की तपासणी आलीच. ठेकेदाराच्या कामाची तपासणी ठेकेदारानं करायची नसते, हा नियम त्यांनी खात्यात पाळला होता की नाही ते मला माहीत नाही, बैठकीत मात्र काटेकोर पाळला. वाटीवर तीन बोटं. एक प्रश्न विचारणाऱ्याचं, एक मंडळातल्या अनुभवी माणसाचं, आणि तिसरं — ज्याचा यातल्या कशावरही विश्वास नाही, अशा माणसाचं. मंडळाच्या नियमांत त्याला नाव होतं: अविश्वासी सदस्य. भाविकाचं बोट नकळत सरकू शकतं, भालेराव म्हणायचे. संशयी माणसाचं सरकत नाही. त्याला गरजच काय? त्याचं बोट का सरकेल?

का सरकेल, हा प्रश्न त्यांनी भरल्या बैठकीत विचारला होता. आणि मीसुद्धा मान डोलावली होती.

सावेडीत अविश्वासी माणूस शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. मी लगेच हो म्हणालो. थट्टा करायला घरबसल्या विषय मिळत होता, शिवाय भालेराववहिनींच्या हातची कांद्याची भजी. पण खरं सांगायचं तर मला तो मान आवडला. माझं बोट असेल तरच मेलेल्यांचा शब्द खरा — असा अधिकार मला कॉलेजनं कधी दिला नव्हता.

आता अक्का. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. जामखेडला दिलेली. दाजी — तिचे मालक — वारले, पोरबाळ नव्हतं, तेव्हा मी तिला इकडं घेऊन आलो. म्हणजे मी तसं सांगत असे. वस्तुस्थिती अशी, की माझी स्वयंपाकाची बाई काम सोडून गेली होती, आणि त्याच महिन्यात अक्काला एकटं राहणं कसं अवघड जाईल, याचा मला साक्षात्कार झाला.

दाजींना मी तीसेक वर्षं पाहिलं होतं. किराणा दुकान होतं त्यांचं. इतका मऊ माणूस मी दुसरा पाहिला नाही. नकार देणं त्यांना जमायचंच नाही. त्यांच्या नकाराचं शेवटचं टोक म्हणजे ‘बघू’. गिऱ्हाईकाला बघू, भावकीला बघू, बायकोला तर तेही नाही. अक्का त्यांचा फोटो स्वयंपाकघरात लावून होती, ओट्याच्या वर. देव्हाऱ्यात नाही, दिवाणखान्यात हार घालून नाही — ओट्यावर, कारण तिथंच तिला बोलायला सवड मिळायची. भाकरी थापता थापता ती त्यांना सगळं सांगायची. भाजीवाल्यानं काय दिलं, शरदनं — म्हणजे मी — आज परत कुणाचा पाणउतारा केला, सगळं. मी आतल्या खोलीतून ऐकायचो. मला त्यात अंधश्रद्धा दिसली नाही. नवराबायको बोलत होती, एवढंच.

बैठकीला ती माझ्यामागोमाग आली. घरात एकटं बसून काय करायचं, म्हणून.

त्या सुमाराला मंडळाची नोंदणी करायचं निघालं. आपल्याकडं चार माणसं नियमित भजी खायला लागली की त्यांना नोंदणी सुचते. वकिलांनी विचारलं, संस्थेचा उद्देश काय लिहू, धार्मिक की शैक्षणिक? आणि बैठकीत उभी फूट पडली. काही जणांना धार्मिक हवं होतं. म्हणजे पुढंमागं सभामंडप बांधता येईल, वर्धापनदिनाला मिरवणूक काढता येईल. भालेराव कासावीस झाले. मृतांशी बोलणं हा धर्म कसा? हा तर टेलिफोन. अखेर ठरलं की सरांनी अभ्यास करून मत द्यावं — परलोकविद्येला संघटित धर्म म्हणता येतं की नाही?

मला कॉलेज सोडल्यापासून असा आनंद झाला नव्हता. तासभर बोललो मी. धर्माला संस्थापक लागतो, आपल्याकडं फक्त अध्यक्ष आहेत. ग्रंथ लागतो, आपल्याकडं बोर्ड आहे आणि त्यावर जोडाक्षरंसुद्धा नाहीत. परदेशात याच विद्येची चर्चसारखी चर्च झाली, गायनं झाली, दीक्षा दिलेले पुजारी झाले, तिथल्या सरकारांनाही हाच प्रश्न पडला — तेही सांगितलं. पण आपल्याकडं नरक नाही, बहिष्कार नाही, पाप नाही, कुणावर कुणाची सत्ता नाही. कुणी कुणाला काही करायला लावत नाही आणि काही करण्यापासून अडवत नाही. ज्या धर्मात कुणाला काही मनाईच नाही, तो धर्म कसला? तेव्हा ही हौस आहे, धर्म नव्हे. लोक हसले. भालेराव हसले नाहीत, पण निकाल त्यांच्या बाजूनं होता म्हणून समाधानानं बसले.

अक्का भज्यांची ताटली पुढं करत म्हणाली, “हाय तोच धर्म वापरून संपंना, अन् तुमी दुसरा कशाला काढताय?”

त्यावर सगळ्यात मोठ्यानं जे हसले, ते डुंबरे साहेब.

डुंबरे राहुरीचे. शेतकीत नोकरी झालेली, डाळिंबाच्या रोगांमधले जाणकार. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्याशी बोलायला ते दर गुरुवारी एसटीनं यायचे, आणि येताना कुणासाठी पेरू, कुणासाठी कढीपत्त्याचं रोप असं काहीतरी घेऊन यायचे. अक्काशी त्यांचं बोलणं सुरू झालं ते जमिनीवरून. जामखेडची हलकी माळरानं, मुळा धरणाच्या पाण्यावरची राहुरीची काळी, कुठं काय येतं नि काय येत नाही. अक्का त्यांना म्हणायची, तुमच्या पाण्याखालच्या लोकांना ज्वारीची चव कळत न्हाई. ते म्हणायचे, चव कळायला आधी कुणी भाकरी खाऊ घालायला पाहिजे. यात आक्षेप घेण्याजोगं काही होतं का? नव्हतं. पण मी लक्ष ठेवून होतो. अक्का त्यांच्यापुढं खळखळून हसायची, दात पडलेला दिसेल याची पर्वा न करता. माझ्या घरात ती अशी हसल्याचं मला आठवत नव्हतं. आणि गुरुवारी माझं जेवण उशिरा व्हायला लागलं.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलंय. खोडणार नाही.

एका सकाळी अक्कानं मला सरळ सांगितलं. डुंबरेंनी विचारलंय, म्हणाली. लग्न. नोंदणी करून, गाजावाजा नाही. राहुरीला त्यांचं घर आहे, मागं झाडं आहेत. ती साठी ओलांडलेली होती तेव्हा. आवाजात लाज नव्हती, ओशाळेपण नव्हतं. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं सांगत होती. हात मात्र पदराशी चाललेले.

मी काय म्हणालो असेन? मी आयुष्यभर विधवांच्या पुनर्विवाहावर व्याख्यानं दिलेली. त्यातल्या एका व्याख्यानाला तर टाळ्या थांबेनात म्हणून अध्यक्षांना उभं राहावं लागलं होतं. मी म्हणालो, अक्का, निर्णय तुझा आहे. वाक्य उत्तम होतं. चेहराही बरोबर ठेवला. आणि डोळ्यांसमोर आलं — राहुरीचं घर, मागची झाडं, आणि इथं मी, गॅससमोर उभा. शेजारी काय म्हणतील तेही मनात आलं. सरांच्या बहिणीनं या वयात! मीच त्या शेजाऱ्यांवर वर्षानुवर्षं हसत आलो होतो, आणि त्या सकाळी त्यांच्याच रांगेत जाऊन उभा राहिलो. शेवटी नव्हे — पुढं.

मग अक्का म्हणाली, गुरुवारी ह्यांना इचारते. ह्यांनी हो म्हनलं की झालं.

ह्यांना, म्हणजे दाजींना.

त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं — अक्का, मेलेली माणसं बोलत नाहीत, वाटीला विचारू नकोस, तुझं तू ठरव. माझा व्यवसायच तो होता. फुकटात, मागितलं नसताना, मी हे वाक्य परक्यांना ऐकवत आलो होतो. माझ्या सख्ख्या बहिणीला ते एकदा ऐकवायची गरज पडली, तेव्हा मी म्हणालो, बरं, विचार.

मनात काही ठरलं होतं का तेव्हा? नाही म्हणायला मला आवडेल.

आता बोटाकडं येतो.

वाटी का सरकते, हे मला चांगलं माहीत आहे. आत्मे नसतात, इच्छा असते. माणसाला जे उत्तर हवं असतं त्या दिशेला त्याचं बोट त्याच्याही नकळत जोर देतं. फसवणूक नाही ती. विचारणाऱ्याला खरंच वाटतं की वाटी आपोआप गेली. त्या गुरुवारी आधी डुंबरेंनी बायकोला विचारलं. माझं बोट नुसतं टेकलेलं होतं. वाटी सुरेख, न अडखळता ‘हो’वर गेली. डुंबरेंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते पाणी समजत होतं. त्यांची परवानगी त्यांनीच स्वतःला दिली होती, आणि त्याहून चांगली परवानगी दुसरी कुठली असते?

म्हणजे मला हेही माहीत होतं, की अक्काची वाटी कुठं जाणार.

अक्का माझ्या समोर बसली. तिचं बोट, भालेरावांचं बोट, माझं बोट. भालेराव नेहमीच्या गंभीर आवाजात दाजींना आवाहन करून झाले. अक्कानं डोळे मिटून विचारलं, “मी जाऊ का वो?”

एवढंच. नाव नाही, गाव नाही, लग्न हा शब्द नाही. चार माणसांत नवऱ्याशी जितकं बोलावं तितकंच.

वाटी हलली. माझ्या उजव्या बाजूला ‘हो’ होतं, आणि वाटी उजवीकडं निघाली. हळू, बिचकत, पण निघाली. भालेरावांचं बोट नव्हतं ते. बोटाच्या टोकाला मला स्पष्ट कळत होतं, ती अक्का होती. तिच्या सगळ्या आयुष्यात तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला माहीत नाही, आणि इथं ती मागत होती, तिला न कळता, त्या वाटीच्या काठावरून. ते मला हातानं जाणवत होतं. हे मी पुनःपुन्हा सांगतोय, कारण मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

मी बोट दाबलं आणि वाटी डावीकडं नेली.

जोर फार लागला नाही. तिनं प्रतिकारच केला नाही. वाटी वळली आहे एवढं कळल्याबरोबर तिचं बोट सैल पडलं — हे नाही म्हणतायत, तर नाही. वाटी ‘नाही’वर जाऊन थांबली.

अक्कानं डोळे उघडले. थोडा वेळ त्या शब्दाकडं बघत राहिली. मग म्हणाली, परत एकदा इचारते, नीट ऐकू गेलं नसंल. वाटी पुन्हा मध्ये आणली. तिनं पुन्हा विचारलं, या वेळी डोळे उघडे ठेवून. वाटी या वेळी उजवीकडं निघालीच नाही. ती जागच्या जागी थरथरत राहिली. मी ती पुन्हा ‘नाही’वर नेली.

एकदाच झालं असतं, तर मीही ते स्नायूंवर ढकललं असतं. इच्छा नकळत बोटात उतरते, आत्ताच सांगितलं ना? दुसऱ्यांदाचं कशावर ढकलू?

कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, काही चूक तर नाही ना? तेव्हा भालेरावांनी समाधानानं मान हलवली. सरांचं बोट होतं, म्हणाले. शंकेला जागाच नाही. आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी — हे सांगताना आजही कान तापतात — मी खांदे उडवले. जणू मलाही नवल वाटतंय. जणू एवढा शंकेखोर माणूस आज जरा विचारात पडलाय. त्या एका हावभावानं मंडळात माझी प्रतिष्ठा फार वाढली. सरांचासुद्धा विश्वास बसायला लागलाय, असं पुढं कित्येक दिवस लोक एकमेकांना सांगत होते.

डुंबरे उठले. अक्काकडं बघून एवढंच म्हणाले, “बरोबर आहे. त्यांचा शब्द मोडायचा नाही.” भला माणूस. वाद घालणारा असता तर बरं झालं असतं. पुढचे काही गुरुवार ते आले, बायकोशी बोलले, अक्काला नमस्कार केला, आणि मग यायचे थांबले. नाशिकला लेकीकडं राहायला गेले असं कळलं. तिकडून कुणाहाती कढीपत्त्याचं रोप मात्र येत नव्हतं.

आणि माझं जेवण वेळेवर व्हायला लागलं.

इथं थांबता आलं असतं. इथवरचा अपराध मला समजत होता. त्याला मी मनातल्या मनात नावही दिलं होतं, स्वार्थ, आणि स्वार्थ म्हटलं की माणसं एकमेकांना सांभाळून घेतात. पण मी आणखी काय करून बसलोय ते मला काही दिवसांनी कळलं. अक्का स्वयंपाकघरात बोलेनाशी झाली.

आधी वाटलं, मन दुखलंय, होईल ठीक. मग एक दिवस ओट्यावर फोटो नव्हता. फेकला नव्हता, पुसून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवला होता, साड्यांच्या खाली. मी विचारलं नाही. तिनंच भाकरी उलटता उलटता सांगितलं.

“जिते व्हते तवर कदी न्हाई म्हनलं न्हाई मानसानं. लई झालं तर बघू म्हनायचे. मेल्यावर मानूस असा बदलतो व्हय रं, शरद?”

उत्तर मला येत होतं. मेल्यावर माणूस बदलत नाही, कारण मेल्यावर माणूस नसतो. हे मी हजार वेळा म्हटलंय. या वेळी म्हणालो, कुणास ठाऊक.

तुमच्या लक्षात येतंय ना मी काय केलं ते? एका बाईचं उरलेलं आयुष्य मी माझ्या ताटाभोवती बांधून घेतलं, ते तर झालंच. पण तिच्या मागच्या आयुष्यातही मी हात घातला. तीस वर्षं सुखानं नांदलेली बाई ती. माझ्या घरात ती एकटी नव्हती; भाकरी थापताना तिच्यासमोर एक मऊ, समजूतदार, कशालाही नाही न म्हणणारा माणूस होता. मी त्याला कठोर करून टाकलं. ज्यानं आयुष्यात कुणाला अडवलं नाही, त्याच्या नावानं मी तिला अडवलं. आणि माझ्याच मतानुसार मेलेला माणूस बोलत नाही — म्हणजे त्याला खुलासाही करता येत नाही. भाविक माणसानं हे पाप केलं असतं, तर निदान दाजींना कळेल या भीतीनं तो रात्री जागला असता. मी शांत झोपलो. मला खात्री होती की कुणी बघत नाहीये.

मंडळाची नोंदणी झाली. शैक्षणिक म्हणून, माझं मत जोडलं होतं. त्या मताखाली माझी सही आहे, आणि ते चुकलेलं आहे. म्हणे कुणी कुणाला काही करण्यापासून अडवत नाही! मी ते बोललो तेव्हा खरं होतं कदाचित. हौसच होती ती, भजी होती, एकटी माणसं आपापल्या मेलेल्यांशी चार शब्द बोलून घरी जात होती. त्यात पहिली मनाई मी आणली. वर असलेल्यांच्या नावानं खालच्या माणसाला नाही म्हणणारा, ज्याच्या हाताकडं कुणी बघायचं नाही असा माणूस — पुजाऱ्याची याहून नेमकी व्याख्या मला येत नाही. मंडळाला पुजारी नव्हता. मी झालो. आणि त्यासाठी माझी पात्रता काय, तर माझा विश्वास नव्हता. धर्मांचा इतिहास मी थोडाफार वाचलाय. मला वाटतं, यात मी पहिला नसेन.

काही काळानं मी गुडघ्याचं कारण सांगून अविश्वासी सदस्यत्व सोडलं. भालेरावांनी निरोपाचा सत्कार केला. शाल, नारळ, आणि माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल दोन शब्द. परिचय करून देणारा माणूस माझ्या आयुष्यात न घडलेल्या गोष्टी ठामपणे सांगत होता. या वेळी चेहरा ठेवायला काही अवघड गेलं नाही. अक्का पहिल्या रांगेत बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या.

ती नंतर बरीच वर्षं माझ्याकडं होती. आमचं बरं चाललं. लोक म्हणायचे, बहीण-भाऊ असावेत तर असे. फोटो कपाटातच राहिला. पितृपक्षात ती दाजींना पान वाढायची, चुकवलं नाही कधी. पण पूर्वी वाढताना पुटपुटायची तसं पुटपुटत नव्हती. पान ठेवायची आणि मागं न बघता घरात यायची.

गेल्या वर्षी तिचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला. मी तिची खाट खिडकीशी लावून घेतली होती. जाण्याच्या काही दिवस आधी, दुपारची वेळ, तिला हुशारी वाटत होती. पेज घेतली, दोन घास जास्तच घेतले. मग मला म्हणाली, “त्या भालेरावांना सांग, मला वाटीवर बोलवू नका म्हनावं. मला तिथं काम हाय.”

मी विचारलं, कसलं काम?

“ह्यांना गाठायचंय. समोरासमोर इचारायचंय, का न्हाई म्हनलात. एवडं सांगा म्हननार हाय, माझं काय चुकलं व्हतं.”

मी तोवर आयुष्यभर म्हणत आलो होतो, की तिथं काही नाही. अभ्यास करून, पुरावे देऊन म्हणत आलो होतो. त्या दुपारी पहिल्यांदा मला वाटलं, की तिथं काही नसलेलं बरं. याला विचार म्हणता येणार नाही, हे मला कळतं.

ती माझ्याकडं बघत होती. तिला ऐकू नीट येत होतं, शुद्ध पक्की होती. घरात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं — अक्का, ते दाजी नव्हते, मी होतो. तिनं मला शिव्या दिल्या असत्या, किंवा तोंड फिरवलं असतं, किंवा कपाटातून फोटो आणायला सांगितला असता.

मी तिचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणालो, सांगतो भालेरावांना.

ती चार दिवसांनी गेली. भालेरावांना मी निरोप सांगितला.